माहेरची सात झाडं

आमच्या घरात मुलीला लग्नात भांड्यांबरोबर झाडं देतात. संत्र्याची पाच कलमं, मुळांभोवती मातीचा गोळा, त्यावर ओलं गोणपाट, आणि सामानाच्या ट्रकमध्ये कपाट आणि गाद्या यांच्या मधल्या फटीत ती उभी केलेली. ही चाल कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही. आजोबांच्या आधी आमच्या शेतात संत्रा नव्हता, म्हणजे ती फार जुनी असण्याची शक्यता नाही; पण दोन पिढ्या काढल्या की आपल्याकडे कशालाही परंपरा म्हणता येतं.

माझ्या लग्नात अडचण अशी झाली की नवरा बँकेत होता आणि अकोल्याच्या जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. ट्रकमधून झाडं उतरली तेव्हा सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे पाहिलं. माझी आत्या वरातीबरोबर आली होती. बाबांची ही धाकटी बहीण पातूरकडच्या एका गावात दिलेली, घरची काळी जमीन, विहिरीला पाणी. ती म्हणाली, माझ्या पाचांतली दोन जगली आहेत, त्यांच्या शेजारी हिची लावते. झाडं तशीच पुढे तिच्या गावाला गेली. तेव्हापासून तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, सात झाडं होती: दोन तिची आणि पाच माझी. हिशेबात आम्ही दोघींनी कधी ती वेगळी धरली नाहीत. ती त्यांना ‘माहेरची झाडं’ म्हणायची आणि पहिल्या फळांची पिशवी एसटीच्या कंडक्टरकडे देऊन मला पाठवायची.

ही सगळी झाडं एकाच झाडाची. मोर्शीजवळच्या आमच्या शेतात विहिरीपाशी एक संत्र्याचं झाड आहे. साल सैल, फोडी रसाळ, बी कमी. बाबांनी आयुष्यभर कलमं बांधली ती याच झाडाच्या डोळ्यांनी. जंबेरी या चिवट रानटी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याच्या खोडावर सुरीनं लहानसा काप घ्यायचा, साल किंचित उचलायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून त्यात सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा जगला की जंबेरीचा शेंडा छाटायचा. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. बाबांनी बांधलेला डोळा वाया जात नाही अशी ख्याती होती. लोक डोळकाड्या मागायला यायचे. कुणी ओळखीचे, कुणी ओळखीच्यांच्या ओळखीचे. बाबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही आणि कुणाकडून काही घेतलं नाही. मोझरीच्या आश्रमात जायचे तेव्हा ओल्या फडक्यात काड्यांची मोळी असायची. तिथे जो मागेल त्याला द्यायची. सुरी एकच. एक डोळा झाला की ती धोतराच्या सोग्याला पुसायची आणि पुढच्या झाडाला लावायची.

दोन वर्षांपूर्वी या झाडाचा सत्कार झाला. बाबांचाही झाला, पण बोर्डावर नाव झाडाचं होतं. ‘मातृवृक्ष’ असा फ्लेक्स लागला. त्यावर पाहुण्यांचा फोटो खऱ्या झाडाच्या खोडापेक्षा रुंद होता. पाहुणे तीन तास उशिरा आले आणि अर्धा तास बोलले. झाडावर त्या दिवशी एकही पिकलेलं फळ नव्हतं, म्हणून आयोजकांनी अमरावतीच्या बाजारातून क्रेटभर संत्री आणून झाडाखाली मांडली होती. पाहुण्यांनी त्यातलं एक सोलून खाल्लं आणि या मातीची चव काही वेगळीच, असं माइकवर सांगितलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांच्या हातानं चाळीस लोकांना डोळकाड्या वाटल्या. टाळ्या फार झाल्या.

आत्याच्या मुलानं दहा वर्षांपूर्वी त्या सात झाडांना लागून कागदी लिंबाची बाग लावली. लिंबाला आमच्याकडे डोळा बांधत नाहीत, बियांपासूनच रोप करतात. अकोल्याच्या बाजूला लिंबू चांगला होतो. बाग दोन तुकड्यांत होती: एक संत्र्यांच्या बाजूला, एक ओढ्यापलीकडे पूर्वेला. घर त्या बागेवर चालायचं. आत्याची नात अमरावतीला शिकायला होती तीही त्याच लिंबांवर.

मागच्या वर्षीच्या आश्विनात आत्याचा फोन आला. तिनं नेहमीसारखं माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं नाही. म्हणाली, बगीचा बसून राहिला, एकदा येऊन जा. मी भाषा शिकवते, शेती नाही, हे तिला माहीत आहे. पण घरात जो शिकवतो त्याला सगळं येतं अशी तिची समजूत आहे आणि निवृत्तीला आलेल्या बाईनं ती मोडायची कशाला.

जाऊन पाहिलं. संत्र्यांच्या बाजूची लिंबं खरंच बसली होती. पानं बारीक, कडा वर वळलेल्या, वाटीसारख्या. शेंडे वाळलेले. फळ गोटीएवढं होऊन गळत होतं. आतेभावानं तोपर्यंत सगळे उपाय केले होते. कृषी केंद्रवाल्यानं जस्त दिलं, मग बुरशीचं औषध दिलं, मग कसलंतरी टॉनिक दिलं. डब्यावरच्या चित्रातल्या झाडाला पानांपेक्षा फळं जास्त होती. भावानं एका फांदीची साल सोलून दाखवली. आतलं लाकूड गुळगुळीत असायला हवं, तिथे बारीक बारीक खड्डे होते, सुई टोचत गेल्यासारखे.

आत्याचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ती मला सात झाडांकडे घेऊन गेली. ती हिरवीगार उभी होती, फळांनी वाकलेली.

“पाह्य,” ती म्हणाली. “लिंबं मरून राहिली अन् याहिले काहीच नाही. माहेरचं पाणीच वेगळं आहे. मी याले म्हटलं, लिंबं काढ न् भाऊकडून डोळे आनून सगळा संत्राच लाव.”

आतेभाऊ म्हणाला, “मामाले फोनही लावला हिनं.”

बाबांनी आनंदानं हो म्हटलं होतं. काड्या कापूनही ठेवल्या होत्या.

मला त्या वेळी यात काही चुकीचं दिसलं नाही हे मी कबूल करते. जे मरतं ते काढावं आणि जे जगतं ते लावावं. आमच्या घरातल्या कुणालाही हेच सुचलं असतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची नणंद वनस्पतींच्या रोगांवर काम करते. तिला विनंती केली, ती एका रविवारी आली. तिशीतली, बोलायला थोडी, पायात बूट, खांद्याला पिशवी. तिनं लिंबाचं एक कोवळं पान तोडून उन्हाकडे धरलं आणि मला पाहायला सांगितलं. पानाच्या शिरा हिरव्या दिसायला हव्यात, त्या जागोजागी पारदर्शक झाल्या होत्या. त्यातून ऊन येत होतं. तिनं पानं पिशव्यांत भरली, पिशव्यांवर खुणा केल्या. मग म्हणाली, त्या संत्र्यांचीही पानं द्या.

आत्याला ते आवडलं नाही. धडधाकट माणसाचं रक्त कशाला काढायचं, असं ती पुटपुटली. तरी पानं तिनं स्वतः तोडून दिली, प्रत्येक झाडाची चार, देवाला वाहायला निवडावीत तशी निवडून.

निकाल आला तेव्हा त्या तपासणाऱ्या बाई पुन्हा आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सावकाश समजावलं. लिंबांत विषाणू आहे. सातही संत्र्यांत तोच आहे. हा विषाणू सालीच्या आत, जिथून पानातलं अन्न खाली मुळांकडे जातं त्या वाटेत राहतो आणि ती वाट बंद करत आणतो. पण जंबेरीच्या खुंटावरचा संत्रा त्याला बराच सोसतो. वर्षानुवर्षं अंगावर काढतो, फळं देतो, वरून काही कळू देत नाही. लिंबाला ते जमत नाही. संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर मावा हा बारीक किडा बसतो, रस ओढतो, विषाणू त्याच्या तोंडात जातो आणि एकदोन दिवस तिथे टिकतो. तेवढ्यात तो उडून लिंबावर बसला की झालं. बियांतून हा जात नाही; म्हणून लिंबाची रोपं आली तेव्हा निरोगीच होती. डोळ्यातून मात्र जातो. ज्या झाडात आहे त्याचा डोळा जिथे जिथे बांधला, तिथे तिथे गेला.

“औषध?” आतेभावानं विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या. रोगट लिंबं काढायची, नव्या पालवीवर मावा येऊ द्यायचा नाही, आणि रोग साठवून ठेवणारी झाडं काढायची. ओढ्यापलीकडच्या साठ लिंबांत अजून काही सापडलं नाही. ती वाचवायची तर ही सात झाडं माघातली पालवी फुटायच्या आत गेली पाहिजेत.

या रोगाचं नाव ट्रिस्टेझा. नंतर मी पाहिलं, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ दुःख. कुठेतरी दूरच्या देशात एका वेगळ्या खुंटावरच्या बागाच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा तिथल्या बागवाल्यांनी दिलेलं हे नाव. शास्त्रात सहसा असा शब्द टिकू देत नाहीत, हा टिकला.

 आत्या एवढंच म्हणाली की भाऊ सांगेल तर तोडू. भाऊ म्हणजे बाबा. तिचा मुलगा चिडला. मामाला विचारून काय होणार आहे, कागद समोर आहे, असं म्हणाला. ती उठून आत गेली. त्या घरात आत्या उठून आत गेली की विषय संपतो.

ओढ्यापलीकडची साठ लिंबं आता बाबांच्या एका शब्दावर होती, आणि तो शब्द आणायला जायचं माझ्याकडे आलं.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. मी सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही, हेच वाईट लक्षण होतं. मग म्हणाले की प्रयोगशाळेत पिशव्या बदलू शकतात. मग म्हणाले, पातूरकडची हवा संत्र्याला मानवतच नाही. मग म्हणाले, “माह्या झाडाले काही असतं तं मले दिसलं नसतं का? साठ वर्षं पाहून राहिलो मी त्याले.”

मी बाईंना फोन लावून दिला. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, काका, कागदावर विश्वास ठेवू नका. बियांपासून केलेली कागदी लिंबाची रोपं घ्या. तुमच्या झाडाचे डोळे त्यातल्या काहींच्या खोडाला बांधा, काही तशीच ठेवा. मावा येणार नाही अशी बारीक जाळी वरून घाला. थंडी आहे, दोनतीन महिन्यांत लिंबूच सांगेल. आणि सुरी दरवेळी औषधी द्रावणात बुडवून पुसा.

“सुरीनंही जाते का?” बाबांनी विचारलं.

हा फारसा जात नाही, पण याच्यासारखे दुसरे जातात, त्या म्हणाल्या.

बाबांनी फोन मला परत दिला आणि सोग्याकडे पाहिलं.

सहा रोपं आणली. त्यांतल्या तीन रोपांना बाबांनी विहिरीजवळच्या झाडाचे डोळे बांधले. काप सरळ गेला. एकेका डोळ्यानंतर ते सुरी बुडवत, पुसत, वाळू देत. तीन डोळ्यांना पाऊण तास लागला. जाळीसाठी त्यांनी आईची जुनी मच्छरदाणी काढली. आतेभावाचा रोज फोन यायचा. दोन महिने त्या झाडांपायी मी फवारत बसू का, असं विचारायचा. तो बरोबरच होता. बाबाही त्याला तू चूक आहेस असं म्हणाले नाहीत, थांब म्हणाले.

संक्रांतीच्या सुमारास मी मोर्शीला गेले. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, समोर सहाही कुंड्या. मच्छरदाणी बाजूला केलेली. तीन रोपं उरलेल्या तीन रोपांपेक्षा वेगळी दिसत होती, एवढं तर मलाही कळलं. पानं लहान, वाटीसारखी.

त्यांनी एक पान तोडून उन्हाकडे धरलं. बऱ्याच वेळानं हात खाली आणला. मग निरोगी रोपाचं पान धरलं. मग पुन्हा पहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते माझ्याकडे दिलं, पण मी काय म्हणते याची वाट पाहिली नाही.

“किती जनाले देल्ले असतीन मी डोळे?” ते म्हणाले.

मी बाईंचं म्हणणं सांगितलं. ते मी राखून ठेवलं होतं, कारण मला वाटत होतं त्यानं त्यांना बरं वाटेल. बाई म्हणाल्या होत्या की विषाणू तुमच्याच डोळ्यातून तिकडे गेला असं ठामपणे सांगता येत नाही. हा रोग या भागात पुष्कळ ठिकाणी आहे. मावा कुठूनही आला असेल. तुमच्या झाडातही तो कदाचित नंतर शिरला असेल, आत्याची झाडं गेल्यावर. हे सगळं शास्त्राप्रमाणे खरं आहे, तुम्ही निर्धास्तपणे असं सांगू शकता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग उद्या अकोल्याला जाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.  पुढे मूर्तिजापूरच्या आसपास त्यांनी विचारलं की बहिणीला मी फोनवर काही सांगितलं का. मी नाही म्हटलं. बरं केलं, म्हणाले. दरवेळी ते बहिणीकडे जाताना गाडीत काही ना काही असायचं: फळं, गूळ, काड्यांची मोळी. या वेळी फक्त पाण्याची बाटली होती आणि एका पाकिटात ते पान.

आत्यानं पायावर पाणी घातलं, चहा दिला. सगळे ओसरीवर बसलो. बाबांनी पाकिटातलं पान काढून तिच्या हातात दिलं. ते वाळलं होतं, त्यात आता काही दिसत नव्हतं.

“विहिरीजवळच्या झाडात आहे ते,” बाबा म्हणाले. “तुह्या झाडाईत तथूनच आलं.”

“कागद पाह्यला का तू?”

“कागद नाही. मी सोता लिंबाले डोळा बांधला. लिंबू बिघडलं.”

आत्यानं पान उलटसुलट केलं. मग माझ्याकडे पाहिलं. “त्या पोरीनं सांगितलं होतं ना वं, माव्यानंही येते म्हणून? मावा का आमच्याच घरचा आहे? तो कोणाच्याही वावरातून येईन.”

तिच्यापुढे वाट मोकळी होती आणि ती भावाला त्या वाटेनं नेऊ पाहत होती. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. झाडं तशीही तोडावी लागणार होती. रोग बाहेरून आला आणि माहेरच्या झाडांनाही लागला, एवढं म्हणून सगळ्यांना चहा संपवता आला असता. मला मनातून तेच हवं होतं.

“येत असन दुसरीकडून,” बाबा म्हणाले. “पन मी देल्लेल्या डोळ्यात आहे. ते मी पाह्यलं. तुले मीच देल्ले, हिलेही मीच देल्ले. तोडा ती झाडं.”

“इतके वर्षं मी सगळ्याइले सांगतलं, माह्या भावाचे झाडं म्हनून.”

“हो.”

“आता काय सांगू?”

 आतेभाऊ इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. मामाला बोलायचं म्हणून त्यानं बरंच काही जमवून ठेवलं असणार; दोन महिन्यांचं. ते तसंच ठेवून तो आत जाऊन करवत घेऊन आला.

फळं आधी उतरवली. आत्यानं ती सगळी गावात वाटायला पाठवली. फळ खायला काही हरकत नसते, हे बाईंनी सांगितलं होतं. मग झाडं पडली. आधी माझी पाच. संत्र्याचं लाकूड पिवळसर आणि घट्ट असतं, करवतीला जड जातं. प्रत्येक बुंधा मुळासकट काढायचा होता, नाहीतर फुटवा येतो आणि त्यावर पुन्हा मावा बसतो. दुपारपर्यंत सहा झाली. सातवं आत्याच्या स्वतःच्या लग्नातलं, सगळ्यांत जुनं, खोड अर्धं पोखरलेलं. आतेभाऊ थांबला, आईकडे पाहायला लागला. ती म्हणाली, “माह्याकडे काय पाह्यतं? चाल.” आणि तिथेच उभी राहिली, ते पूर्ण पडेपर्यंत.

बाबा बांधावर बसून होते. कुणी त्यांच्याजवळ जाऊन बसलं नाही. मीही नाही. त्याचं मला आजही नीट कारण देता येत नाही.

निघताना आत्यानं त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमी करते तसा. पण त्यानंतर तिचा त्यांना फोन आला नाही. दर रविवारी सकाळी यायचा, तो बंद झाला. भांडण नव्हतं. मी विचारलं तर म्हणायची, काय बोलू वं, काही सांगण्यासारखं असलं की लावीन.

बाबांनी घरी गेल्यावर ज्यांना डोळे दिले त्यांची नावं आठवायला सुरुवात केली. फोन करून सांगायला लागले. लोकांचा प्रतिसाद पाहण्यासारखा होता. काहींनी आभार मानले आणि काहीच केलं नाही. एकानं विचारलं की नुकसानभरपाईची काही योजना आली आहे का. सत्काराच्या आयोजकांनी हळूच सल्ला दिला: काका, हे आता कशाला उकरता, बोर्ड लावलेला आहे. डोळे मागायला माणसं येतच राहिली. झाड रोगट आहे असं बाबांनी तोंडावर सांगितलं तरी ती झाडाकडे पाहायची, ते हिरवंगार उभं, आणि म्हातारा आता हात आखडायला लागला असं समजून परत जायची. एक जण तर नजर चुकवून चार काड्या मोडून घेऊन गेला. त्यानंतर आठवड्यानं बाबांनी ते झाड तोडलं. मी तेव्हा तिथे नव्हते. त्यांनीही मला पंधरा दिवस सांगितलं नाही.

फाल्गुनात बाईंनी ओढ्यापलीकडच्या साठ लिंबांची पानं नेली. चार झाडांत निघाला. आम्ही थांबलो त्या दोन महिन्यांतला की त्याच्याही आधीचा, ते सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. आतेभावानं ती चार त्याच दिवशी काढली. आत्यानं मला फोनवर एवढंच कळवलं: चार. मी बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, चारच का.

पावसाळा गेला. नव्या पालवीवर आत्या स्वतः फिरायची, पान उचलून खालची बाजू पाहायची, मावा दिसला की मुलाला हाक मारायची. आश्विनात पुन्हा पानं गेली. या वेळी निकाल यायला उशीर लागला आणि त्या दिवसांत तिनं मला रोज फोन केला. बोलायची दुसऱ्याच कशाबद्दल. नातीची परीक्षा, शेजारणीचं ऑपरेशन. मीही विचारायची नाही.

छप्पन्न झाडं होती. एकातही निघाला नाही. बाई म्हणाल्या, यावर फार विसंबू नका, दरवर्षी तपासावं लागेल. आत्यानं मला सांगितलं तेव्हा हे वाक्यही जसंच्या तसं सांगितलं, काही न गाळता.

भाऊबीज चार दिवसांवर होती. मी विचारलं, बाबांना तू कळवतेस की मी कळवू?

“तूच सांग,” ती म्हणाली. लगेच पुढे, “अन् त्याले म्हन, भाऊबीजेले ये. पन काही आनू नको.”

मी बाबांना दोन्ही सांगितलं. पहिलं ऐकून ते छप्पन्न, एवढंच म्हणाले. दुसरं ऐकल्यावर विचारलं, काहीच नाही का? पेढेही नाही? मी म्हटलं, ती काहीच नको म्हणाली. ठीक आहे, म्हणाले. भाऊबीजेला सकाळी मोर्शीहून निघाले आणि बहिणीच्या दारात उतरले तेव्हा हात कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं. आत्यानं पायावर पाणी घालेपर्यंत ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते.